पुस्तकांच्या ढाली

वाङ्मयसमीक्षेचें क्षेत्र कथा, काव्य, नाटक आणि निबंध एवढ्यापुरतेंच आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सरकारी समित्यांचे अहवाल आपण वाङ्मयांत जमा करीत नाहीं. आणि रस्त्यावरच्या मोर्च्यांतील फलक तर मुळींच नाहीं. तथापि कांहीं प्रसंगीं एखाद्या राष्ट्राचें मन त्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांपेक्षां अशा अहवालांत आणि अशा फलकांतच अधिक स्पष्टपणें उमटलेलें सांपडतें. इंग्लंडांत २०१० सालच्या शरद् ऋतूंत असा प्रसंग आला. ऑक्टोबरांत उच्च शिक्षणाच्या खर्चाविषयीं एक अहवाल बाहेर पडला, आणि डिसेंबरांत त्याला उत्तर म्हणून विद्यार्थी लंडनच्या रस्त्यावर पुस्तकांच्या ढाली घेऊन उतरले. हा आमचा अलंकार नव्हे. पुठ्ठा, फोम असल्या हलक्या साहित्याच्या मोठाल्या ढाली करून त्यांवर त्यांनीं ग्रंथांचीं मुखपृष्ठें रंगविलीं होतीं, आणि पोलिसांच्या दंडुक्यांपुढें ते हे ग्रंथ धरून उभे राहिले होते.

हा अहवाल आणि ह्या ढाली अशा दोन कृतींचें परीक्षण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. अहवाल हा ग्रंथासारखा वाचावा ही कल्पना आमची नव्हे. केंब्रिजचे प्राध्यापक स्टीफन कॉलिनी यांनीं 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स' ह्या नियतकालिकांत त्याच नोव्हेंबरांत ह्या अहवालाचें परीक्षण, एखाद्या पुस्तकाचें करावें तसें, केलें होतें. आम्ही त्याच्या जोडीला ढालीहि घेतल्या आहेत. कारण प्रश्न एका कृतींत आणि उत्तर दुसरींत असेल, तर दोन्ही उघडल्याशिवाय न्याय होत नाहीं. दोहोंचा विषय एकच आहे: विद्यार्थी म्हणजे कोण, आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च कोणीं सोसावा?

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १९६२ च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील विद्यार्थ्यांची पदवी-शिक्षणाची फी स्थानिक शिक्षणसंस्थांनीं भरावी आणि घरच्या उत्पन्नाच्या मानानें निर्वाहासाठीं त्यांना वेतनहि द्यावें, असें ठरलें. पुढच्याच वर्षीं लॉर्ड रॉबिन्स यांच्या समितीनें, ज्याची पात्रता आहे आणि ज्याची इच्छा आहे अशा प्रत्येकाला उच्च शिक्षणांत जागा मिळाली पाहिजे, हें तत्त्व मांडलें. ही व्यवस्था एका पिढीहून अधिक काळ चालली. विद्यार्थी वाढत गेले; त्या मानानें सरकारी मदत वाढली नाहीं; आणि १९९८ सालीं मजूर पक्षाच्या सरकारनें वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी बसविली. २००४ च्या जानेवारींत ही मर्यादा ३,००० पौंडांवर नेणारें बिल कॉमन्स सभेंत अवघ्या पांच मतांनीं तरलें. २०१० सालीं फी ३,२९० पौंडांपर्यंत आली होती. त्याच मजूर सरकारनें २००९ च्या नोव्हेंबरांत, एका मोठ्या तेल कंपनीचे माजी मुख्याधिकारी लॉर्ड ब्राउन यांच्या अध्यक्षतेखालीं, पुढचा मार्ग सांगण्यासाठीं समिती नेमली. १२ ऑक्टोबर २०१० रोजीं अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हां मजूर पक्ष जाऊन हुजूर व लिबरल डेमोक्रॅट ह्या दोन पक्षांचें संयुक्त सरकार आलें होतें. म्हणजे अहवाल मागविला एकानें आणि उचलून धरला दुसऱ्यानें. ह्या वादाकडे केवळ पक्षीय भांडण म्हणून पाहतां येत नाहीं तें एवढ्यासाठींच.

अहवालाचे गुण आधीं सांगितले पाहिजेत. तो दुष्ट माणसांनीं लिहिलेला नाहीं, आणि निष्काळजीपणानेंहि लिहिलेला नाहीं. प्रवेशाच्या वेळीं विद्यार्थ्याकडून एक पैहि घेऊं नये. शिक्षण संपल्यावर त्याचें उत्पन्न वर्षाला २१,००० पौंडांच्या वर गेलें, तरच वरच्या रकमेवर शेंकडा ९ प्रमाणें त्यानें फेड करावी. तीस वर्षांनंतर जें देणें उरेल तें माफ व्हावें. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणाऱ्यांनाहि ही सवलत मिळावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. सावकाराच्या दारीं कर्ज काढून मुलाला कॉलेजांत घालणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांना ह्या अटी उदारच वाटतील. विद्यार्थ्यांच्या पुढाऱ्यांपैकीं ज्यांनीं ह्या अटींचा उल्लेखच टाळला, त्यांनीं आपली बाजू बळकट केली असें आम्हांला वाटत नाहीं.

पण ग्रंथाची परीक्षा त्याच्या सवलतींवरून होत नसते. तो जगाकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहतो ह्यावरून होते. ह्या अहवालानें फीवरची मर्यादाच काढून टाकावी असें सांगितलें, आणि शिकविण्यासाठीं सरकार विद्यापीठांना जें अनुदान देत होतें त्याचा बहुतेक भाग बंद होईल असें गृहीत धरलें. वैद्यक, शास्त्र, यंत्रविद्या आणि राष्ट्राच्या कामीं येणाऱ्या कांहीं भाषा एवढ्यांपुरता सरकारनें पैसा द्यावा. बाकीच्या विषयांनीं आपलें पोट विद्यार्थ्यांच्या फीवर भरावें. विद्यार्थी आपल्या आवडीनें विद्यापीठ निवडील, त्याच्या मागोमाग पैसा जाईल, आणि विद्यापीठें त्याला आपल्याकडे ओढण्यासाठीं आपसांत चढाओढ करूं लागतील. ह्या चढाओढींतून शिक्षण आपोआप सुधारेल, असा एकंदर सिद्धांत. समाजालाहि शिक्षणाचा लाभ होतो हें अहवालाला अमान्य नाहीं; परंतु तो लाभ मोजतांना त्याची नजर पुनःपुन्हां पदवीधराच्या पगाराकडे आणि देशाच्या उत्पादनाकडे वळते. ह्या सगळ्या मांडणींत विद्यार्थ्याचें जें चित्र उभें राहतें, त्याला आपल्या भाषेंत एक नेमका शब्द आहे: गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक हा कांहीं हलका शब्द नव्हे. पेठेंत त्याचा मान मोठा असतो, आणि विद्यार्थ्याला तसा मान मिळावा अशीच समितीची इच्छा होती. पण दुकानांत शिरणाऱ्याला आपल्याला काय पाहिजे हें ठाऊक असतें. निदान असावें अशी अपेक्षा असते. विद्येच्या दारीं येणाऱ्याची स्थिति नेमकी उलट असते. आपल्याला काय हवें आहे हें कळावें, म्हणूनच तो तेथें येतो. तत्त्वज्ञान शिकण्यापूर्वीं तत्त्वज्ञानाचा भाव कोण करणार? तीन वर्षांनीं जो मनुष्य बाहेर पडावयाचा, त्याची पसंती आंत येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला कोणीं विचारावी? अहवालाचा हा दोष हिशेबाचा नाहीं, कल्पनाशक्तीचा आहे. आणि म्हणूनच तो वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेंत येतो.

सरकारनें अहवाल जसाच्या तसा घेतला नाहीं. फीला मर्यादा ठेवली, पण ती ९,००० पौंडांची. त्याआधींच, २० ऑक्टोबर रोजीं, अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनीं सरकारी खर्चाच्या काटछाटीची योजना जाहीर केली होती. तींत संशोधन वगळून उच्च शिक्षणाचें अंदाजपत्रक ७.१ अब्ज पौंडांवरून २०१४-१५ पर्यंत ४.२ अब्ज पौंडांवर आणावयाचें ठरलें. वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान ह्या विषयांचें शिकविण्याचें अनुदान जवळजवळ नाहींसें होणार होतें. गरीब घरच्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांनीं शाळा सोडूं नये म्हणून इंग्लंडांत त्यांना आठवड्याला ३० पौंडांपर्यंत जें वेतन मिळे, तेंहि बंद करण्याचा निर्णय झाला. आणि ह्या सगळ्यांत संतापाची ठिणगी टाकली ती एका प्रतिज्ञेनें. त्या वर्षीच्या मे महिन्यांतील निवडणुकीपूर्वीं लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे पुढारी निक क्लेग यांनीं व त्यांच्या पक्षाच्या उमेदवारांनीं, फी वाढविण्याच्या विरुद्ध मत देऊं, अशा लेखी प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या. सहा महिन्यांत तेच क्लेग उपपंतप्रधान म्हणून फीवाढीचें समर्थन करीत होते. शब्द दिला कीं तो पाळावयाचा असतो, हें मुलांना वडील माणसांनींच शिकविलेलें असतें. येथें मुलांनीं तो धडा वडील माणसांना परत वाचून दाखविला.

१० नोव्हेंबर रोजीं विद्यार्थ्यांच्या व प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनांनीं मिळून लंडनांत मोर्चा काढला. त्यांत सुमारें पन्नास हजार लोक असावेत असा अंदाज झाला. त्यांतला एक जमाव मिलबँक येथील हुजूर पक्षाच्या कचेरीच्या इमारतींत घुसला, कांचा फुटल्या, आणि एका मुलानें छपरावरून अग्निशामक नळकांडें खालीं फेकलें. सुदैवानें तें कोणाला लागलें नाहीं. खालच्या जमावानेंच ओरडून असल्या फेकाफेकीचा निषेध केला, आणि पुढें न्यायालयानें त्या अठरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षें आठ महिन्यांची शिक्षा दिली. २४ नोव्हेंबर रोजीं शाळांतलीं मुलेंहि वर्ग सोडून आलीं. पोलिसांनीं व्हाइटहॉलमध्यें जमावाला चोहों बाजूंनीं वेढून थंडींत तासन् तास कोंडून धरलें. ह्या रीतीला इंग्रजींत किटलीचें नांव आहे. त्या दिवशीं एका पोलिसगाडीची मोडतोड होऊं लागली, तेव्हां शाळेच्या गणवेशांतील कांहीं मुलींनीं हातांत हात घालून गाडीभोंवतीं कडें केलें व ती वांचविली. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीं दालनें ताब्यांत घेऊन तेथें व्याख्यानें चालविलीं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्यें त्यांनीं घेतलेलें दालन जेरेमी बेंथॅमच्या नांवाचें होतें. प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारणाऱ्या त्या तत्त्वज्ञाच्या नांवाखालीं विद्येच्या उपयोगाचा वाद चालावा, हा योगायोग मौजेचाच म्हटला पाहिजे.

आतां ढालींकडे येऊं. ही युक्ति मूळची इटलीची. तेथें बेर्लुस्कोनी सरकारच्या शिक्षणमंत्री मारिआस्टेला जेल्मिनी यांनीं विद्यापीठांच्या पुनर्रचनेचें बिल आणलें होतें, आणि अनुदानाला कात्री २००८ पासूनच लागली होती. नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस रोमचे विद्यार्थी रंगविलेल्या ग्रंथांच्या ढाली घेऊन निघाले. प्लेटोचें 'रिपब्लिक', माकियाव्हेलीचें 'प्रिन्स', बोकाच्चोचें 'डेकामेरॉन', मेल्व्हिलचें 'मोबी डिक' आणि सर्व्हांटीसचें 'डॉन किहोटे' हीं पुस्तकें त्या रांगेंत होतीं. पुस्तकें वाचवाचून ज्यानें हातीं ढाल घेतली, त्या किहोटेची येथें आठवण व्हावी हें योग्यच होतें. कोणत्याहि टीकाकारानें ह्या तरुणांची थट्टा करण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःच ती करून ठेवली होती. ९ डिसेंबर रोजीं, कॉमन्स सभेंत फीवाढीवर मतदान चालू असतां, तशाच ढाली लंडनांत दिसल्या. हक्स्लेचें 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', बेकेटचें 'एंडगेम', आडोर्नोचें 'निगेटिव्ह डायलेक्टिक्स', देरिदाचें 'स्पेक्टर्स ऑफ मार्क्स' आणि रिचमल क्रॉम्प्टनचें 'जस्ट विल्यम' हीं त्यांपैकीं कांहीं.

प्रतिमा ह्या दृष्टीनें ही कल्पना उत्कृष्ट आहे. घोषणा ओरडून सांगावी लागते. ही ढाल स्वतः कांहींच बोलत नाहीं. पोलिसानें दंडुका उगारला कीं चित्र पूर्ण होतें, आणि तें पूर्ण करण्याचें काम विरुद्ध पक्षालाच करावें लागतें. शिवाय ढाल हें शस्त्र नव्हे. हातांत दगड असलेल्या मुलाविषयीं जी सहानुभूति वाटणार नाहीं, ती पुस्तकाआड उभ्या असलेल्या मुलाविषयीं वाटते. एवढें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

निवडीविषयीं मात्र आम्हांला तक्रार आहे. हक्स्लेची निवड अचूक होती. त्याच्या १९३२ च्या त्या कादंबरींत खालच्या वर्गाच्या तान्ह्या मुलांना पुस्तकांकडे रांगत जातांच विजेचे धक्के देतात, म्हणजे पुढें जन्मभर त्यांना पुस्तकांचा तिटकारा येतो. आणि जुनें दुरुस्त करण्यापेक्षां नवें विकत घेणें हेंच त्या समाजांत सद्गुण मानलें जातें. गिऱ्हाईक बनविलेल्या माणसाचें ह्याहून भेदक चित्र सांपडणें कठीण. पण आडोर्नो आणि देरिदा? त्यांच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. तथापि ढाल कोणाला दाखवावयाची असते? समोरच्या पोलिसाला, आणि घरीं बसून ते चित्र पाहणाऱ्या नागरिकाला. त्या पोलिसाचा मुलगाहि उद्यां कदाचित् कॉलेजांत जाणार होता, आणि त्या नागरिकाच्या करांतूनच विद्यापीठाचें अनुदान जात होतें. त्यांच्यापुढें असलीं दुर्बोध नांवें धरणें म्हणजे, हें धन आमचें आहे, तुम्हांला त्यांत गम्य नाहीं, असें न कळत सांगणें होय. म्हणून सगळ्या रांगेंत शहाणी ढाल आम्हांला वाटते ती 'जस्ट विल्यम'ची. १९२२ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या ह्या खोडकर मुलाच्या गोष्टी इंग्लंडांत पिढ्यानुपिढ्या घरोघर वाचल्या गेल्या. आणि त्यांची लेखिका कोण? शिष्यवृत्तीवर रॉयल हॉलोवे कॉलेजांत ग्रीक व लॅटिन शिकलेली, आणि पुढें मुलींच्या शाळेंत तेच विषय शिकविणारी एक बाई. दुसऱ्यांनीं दिलेल्या पैशावर एका मुलीनें ग्रीक व लॅटिन भाषा शिकाव्या, आणि त्याची परतफेड म्हणून इंग्लंडच्या सगळ्या मुलांना विल्यम मिळावा, हा व्यवहार लॉर्ड ब्राउन यांच्या कोष्टकांत कोणत्या रकान्यांत बसवावयाचा? विद्यार्थ्यांच्या हातीं हें उत्तर होतें. पण तें त्यांनीं उघडून वाचून दाखविलें नाहीं. बंद पुस्तकाची ढाल होते, पण बंद पुस्तक कोणाचें मन वळवीत नाहीं.

विद्यार्थ्यांवर त्या वेळीं सर्वांत मोठा आरोप झाला तो स्वार्थाचा. आपलें शिक्षण दुसऱ्याच्या पैशानें व्हावें म्हणून हीं मुलें रस्त्यावर आलीं आहेत, असें पुष्कळ सभ्य माणसें म्हणत होतीं. एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली नव्हती. नवी फी २०१२ सालीं व त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांनाच लागू होणार होती. २०१० सालीं जे विद्यार्थी विद्यापीठांत शिकत होते, त्यांची फी जुन्याच दरानें राहणार होती. म्हणजे मोर्च्यांतील बहुसंख्य तरुण ज्या फीविरुद्ध ओरडत होते, ती त्यांना स्वतःला कधींच भरावी लागणार नव्हती. तीं ओझीं त्यांच्या धाकट्या भावंडांच्या आणि अनोळखी मुलांच्या डोक्यावर पडावयाचीं होतीं. गिऱ्हाईक आपल्या पिशवीची काळजी करतें; दुसऱ्याच्या पिशवीसाठीं तें डिसेंबरच्या थंडींत पुलावर उभें राहत नाहीं. ह्या एका गोष्टीनेंच अहवालाच्या मूळ कल्पनेला उत्तर मिळतें. विद्यार्थी हें गिऱ्हाईक असतें, तर हा मोर्चा निघालाच नसता.

परंतु येथें थांबलों तर आम्ही आमच्याच बाजूला फार स्वस्तांत सोडून देऊं. फीवाढीच्या समर्थकांचा एक आक्षेप खरोखर जड होता. जो कधीं विद्यापीठांत गेला नाहीं, त्या मजुरानें आपल्या करांतून उद्यांच्या वकिलाचें आणि प्राध्यापकाचें शिक्षण कां चालवावें? हा प्रश्न हुजूर पक्षानें शोधून काढलेला नाहीं. आमच्या वाचकांना तो फार जवळचा आहे. १८८२ सालीं ब्रिटिश सरकारनें नेमलेल्या हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं तो विचारला होता. सरकारचा बहुतेक महसूल शेतकऱ्याच्या घामांतून निघतो, वरचे वर्ग तिजोरींत फारच थोडी भर घालतात, आणि शिक्षणाचा लाभ मात्र मुख्यतः त्यांच्याच मुलांना होतो, हें त्यांनीं स्पष्ट शब्दांत सांगितलें. रयतेच्या मुलांना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें ही त्यांची मागणी होती. मुंबई इलाख्याची ती रयत मतहीन होती आणि २०१० चा इंग्रज मजूर मतदार आहे. दोन्ही परिस्थिति एक नव्हेत. तरी प्रश्नाचा गाभा तोच, आणि जोतीरावांनीं तो ब्राउन समितीपेक्षां अधिक तळमळीनें विचारला होता.

आतां त्यांचा निष्कर्ष पाहावा. सर्वसामान्यांची उपेक्षा झाली ही ओरड कांहीं अंशीं खरी आहे असें सांगून, त्याच निवेदनांत ते पुढें म्हणतात कीं, तरीहि सरकारनें ह्या वेळीं उच्च शिक्षणाची मदत काढून घ्यावी असें देशाचा कोणीहि हितचिंतक म्हणणार नाहीं. ज्या वर्गाची उपेक्षा झाली त्याचीहि तेवढ्याच आस्थेनें काळजी घ्यावी, एवढेंच मागणें आहे. ज्याला ह्या अन्यायाची झळ सर्वांत अधिक ठाऊक होती, त्यानें त्यावरचा उपाय म्हणून दार बंद करा असें सांगितलें नाहीं. दार रुंद करा असें सांगितलें. २०१० च्या इंग्लंडांत मजुराच्या नांवानें हा आक्षेप घेतला गेला, आणि त्याच हातानें मजुराच्या मुलाचें आठवड्याचें ३० पौंडांचें वेतनहि काढून घेण्यांत आलें. तेव्हां मजुराचा कळवळा खरा किती, हें वाचकांनींच ठरवावें. पदवीधर अधिक मिळवितो हें खरें असेल, तर अधिक मिळविणाऱ्याकडून अधिक घेण्यासाठीं प्राप्तीवरचा कर आहेच, आणि तो पदवी नसलेल्या धनिकालाहि चुकत नाहीं.

९ डिसेंबरला पार्लमेंटच्या चौकांत व्हावयाचें तें झालें. कांहीं निदर्शकांनीं मोडतोड केली. रीजंट स्ट्रीटवर युवराज चार्ल्स यांच्या मोटारीवर हल्ला झाला. दुसरीकडे पोलिसांनीं शेंकडों मुलांना रात्रीं उशिरापर्यंत वेस्टमिन्स्टर पुलावर गारठत कोंडून धरलें, आणि डोक्याला जबर मार बसलेल्या एका विद्यार्थ्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. मोडतोडीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. तिनें दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतून ढाली घालविल्या आणि तेथें राजघराण्याची मोटार आणून बसविली; विद्यार्थ्यांच्या कार्याची ह्यापेक्षां मोठी हानि कोणी शत्रूहि करूं शकला नसता. आंत सभागृहांत ३२३ विरुद्ध ३०२ मतांनीं ठराव संमत झाला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या २१ सभासदांनीं प्रतिज्ञा पाळून विरुद्ध मत दिलें.

मग अहवालाच्या सिद्धांताचें पुढें काय झालें? ९,००० पौंडांची फी केवळ अपवादात्मक परिस्थितींत आकारली जाईल, असें मंत्री सांगत होते. प्रत्यक्षांत बहुतेक विद्यापीठांनीं त्याच आंकड्याचा रस्ता धरला. कमी भाव लावून आपली विद्या हलकी आहे असें कोण जाहीर करील? पेठेचा नियम विद्येच्या पेठेंत चालला नाहीं. पूर्णवेळ शिकणाऱ्या तरुणांची संख्या कांहींनीं भाकित केल्याप्रमाणें कोसळली नाहीं, आणि गरीब वस्त्यांतून येणाऱ्यांचें प्रमाणहि वाढत राहिलें, हें विद्यार्थ्यांच्या पक्षानें मान्य केलें पाहिजे. पण नोकरी करून अर्धवेळ शिकणाऱ्या प्रौढांची संख्या फार घटली. म्हणजे दार मिटलें तें पहिली संधि हुकलेल्यांसाठींच. बचतीचें तर हंसेंच झालें. फिटणार नाहीं अशा कर्जाचा अंदाज वर्षानुवर्षें वाढत गेला, आणि २०१८ च्या डिसेंबरांत तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कचेरीनें असल्या कर्जाचा भाग सरकारी खर्चांतच धरावा असा निर्णय दिला. जी काटकसर म्हणून मिरविली होती, ती बऱ्याच अंशीं वहीचें पान बदलण्याची कला होती. क्लेग यांनीं २०१२ सालीं प्रतिज्ञेबद्दल जाहीर क्षमा मागितली. २०१५ च्या निवडणुकींत त्यांचा पक्ष ५७ जागांवरून ८ जागांवर आला. फी मात्र खालीं आली नाहीं. २०२५-२६ सालीं तिची मर्यादा ९,५३५ पौंड झाली. २०२३ नंतर प्रवेश घेणाऱ्यांची कर्जमाफीची मुदत तीस वर्षांवरून चाळीस वर्षांवर गेली आहे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, हें सारें अटळच होतें; आजच्या काळांत दुसरा मार्ग नाहीं. तें खरें नाहीं. त्याच ब्रिटनमध्यें, स्कॉटलंडांत शिकणाऱ्या स्कॉटिश विद्यार्थ्याला पदवीसाठीं फी पडत नाहीं. जर्मनींतील कित्येक राज्यांनीं २००६ च्या सुमारास फी बसविली, आणि लोकमतापुढें नमून २०१४ पर्यंत सर्वांनीं ती उठविली. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत २०१२ सालीं विद्यार्थ्यांनीं कित्येक महिने वर्ग बंद ठेवले. छातीवर लाल कापडाचा चौकोन लावून ते हिंडत, आणि संध्याकाळीं नागरिक भांडीं वाजवीत त्यांच्यांत सामील होत. त्या सप्टेंबरांत तेथील सरकार पडलें आणि नव्या सरकारनें मोठी वाढ रद्द करून थोडी थोडी वार्षिक वाढ तेवढी ठेवली. भांडें प्रत्येक घरांत असतें. क्वेबेकच्या विद्यार्थ्यांना जें साधलें व लंडनच्या विद्यार्थ्यांना साधलें नाहीं, त्याचें निदान एक कारण हें असावें.

समीक्षकाला शेवटीं दोन्ही कृतींचा निकाल द्यावा लागतो. अहवाल नीटनेटका आहे, आणि मूळ कल्पनेंतच चुकलेला आहे. ढाली ओबडधोबड होत्या, त्यांच्या मुखपृष्ठांची निवड कांहीं ठिकाणीं आढ्यतेची होती, आणि त्यांच्यामागचा युक्तिवाद अर्धाच बोलला गेला. पण त्यांची मूळ कल्पना खरी होती. विद्या ही वाटून घ्यावयाची वस्तु आहे, ती एका पिढीनें दुसरीसाठीं राखावयाची असते, आणि त्यासाठीं स्वतःला कांहींहि मिळावयाचें नसतांना उभें राहणारे तरुण निघतात, एवढें त्यांनीं दाखविलें. जें अर्धें राहिलें तें बोलून दाखविण्याचें काम मुलांचें नव्हतें. ज्यांनीं १९६२ च्या कायद्याखालीं फी न देतां पदव्या घेतल्या, आणि ज्यांच्यापैकीं कित्येक त्या दिवशीं सभागृहाच्या बांकांवर बसले होते, त्या पिढीचें तें काम होतें. आपल्यालाहि कोणी तरी शिकविलें, आणि त्या वेळीं त्याचा भाव विचारला नाहीं, एवढी आठवण त्यांनीं ठेवली असती, तरी पुष्कळ झालें असतें.